परसातील झाडांवरील पानठिपके : निदान आधी, फवारणी नंतर

बंगळुरूची ‘उद्याननगरी’ ही ओळख केवळ लालबाग आणि कब्बन पार्क यांच्यामुळे निर्माण झालेली नाही. जुन्या वस्त्यांतील घरांच्या परसात उभी असलेली आंबा, नारळ, पेरू, डाळिंब आणि कढीपत्त्याची झाडे हाही या ओळखीचा महत्त्वाचा आधार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराचे हवामान सौम्य असून मे महिन्यातील वळवाच्या सरींपासून ऑक्टोबरपर्यंत येथे पाऊस पडत राहतो. त्यामुळे पाने दीर्घकाळ ओली राहतात. झाडांना पोषक ठरणारे हेच हवामान पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगांनाही पोषक ठरते.

पानांवर ठिपके दिसू लागले की घरमालक बहुधा दोनपैकी एक मार्ग पत्करतो. दुकानातून मिळेल ते औषध आणून तो फवारतो किंवा झाडच तोडून टाकतो. दोन्ही मार्गांत रोगाचे निदान झालेले नसते. घरातील मुले, विहीर, मधमाश्या आणि स्वयंपाकात वापरली जाणारी पाने यांचा विचार करता ही चूक महागात पडू शकते.

ठिपक्यांचे प्रकार

वनस्पतिरोगशास्त्रात ‘रोगत्रिकोण’ ही मूलभूत संकल्पना मानली जाते. रोगास बळी पडणारे झाड, रोगकारक जीव आणि अनुकूल हवामान हे तिन्ही घटक एकत्र आले तरच रोग उद्भवतो. यांपैकी एक बाजू जरी मोडली तरी रोगाला आळा बसतो. मात्र त्यासाठी रोगकारक कोणता हे आधी ओळखावे लागते.

बुरशीजन्य ठिपके सामान्यतः तपकिरी किंवा काळपट असतात. त्यांच्याभोवती अनेकदा पिवळी कडा दिसते. मधला मृत भाग गळून पानाला छिद्र पडते, तर भिंगातून पाहिल्यास काही ठिपक्यांवर सूक्ष्म काळे बिंदू आढळतात. आंब्यावरील करपा हे याचे परिचित उदाहरण होय. कोलेटोट्रायकम या बुरशीमुळे होणारा हा रोग कोवळी पाने, मोहर आणि फळे या तिन्हींवर आढळतो.

जिवाणूजन्य ठिपके सुरुवातीस पाणी मुरल्यासारखे, तेलकट दिसतात. शिरांमुळे त्यांची वाढ अडते व त्यांना कोनाकार रूप येते. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील डाळिंब बागायतदारांना ‘तेल्या’ या नावाने परिचित असलेला रोग झँथोमोनास जिवाणूमुळे होतो. पेरू व आंब्याच्या पानांवर दिसणारे नारिंगी, मखमली, किंचित उंचावलेले ठिपके मात्र सेफाल्युरॉस या शैवालाचे असतात.

प्रत्येक डाग हा रोगच असतो असे नाही. पानांच्या कडा एकसारख्या करपणे हे पालाशची कमतरता, क्षारयुक्त पाणी किंवा तीव्र उन्हाचे लक्षण असू शकते. अशा वेळी बुरशीनाशक फवारणे निरर्थक ठरते.

उपचारांचा क्रम

पहिला उपाय स्वच्छतेचा आहे. गळलेल्या रोगट पानांवर बुरशी टिकून राहते व पावसाच्या थेंबांबरोबर तिचे बीजाणू पुन्हा नव्या पानांवर उडतात. म्हणून पाचोळा नियमित गोळा करावा. तो जाळू नये; पूर्ण तापणाऱ्या कंपोस्ट खड्ड्यात कुजवावा. पावसाळ्यापूर्वी दाट फांद्यांची विरळणी केल्यास हवा खेळती राहून पाने लवकर सुकतात. पाणी सकाळी व बुंध्याशी द्यावे. मोठ्या, सशक्त झाडावरील थोड्या ठिपक्यांना याहून अधिक उपचारांची सहसा गरज नसते.

बुरशी वा शैवालाचा प्रादुर्भाव दरवर्षी वाढत असेल तर बोर्डो मिश्रण उपयोगी पडते. फ्रान्समधील बोर्दो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवडा रोगासाठी हे मिश्रण १८८५ मध्ये जगापुढे आणले. कर्नाटकातही त्याला इतिहास आहे. १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सेवेत आलेले आणि पुढे कृषी संचालक झालेले लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या ‘कोळेरोगा’चा अभ्यास करून त्यावर याच मिश्रणाच्या फवारणीची शिफारस केली होती.

एक टक्का तीव्रतेच्या १० लिटर मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या दोन भांड्यांत प्रत्येकी ५ लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवून तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतावेत. त्यात लोखंडी खिळा बुडवल्यावर त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे असे समजावे. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. कढीपत्त्यासारख्या, पानेच खाल्ली जाणाऱ्या झाडांवर ते फवारू नये. तेथे रोगट फांद्यांची छाटणी हाच योग्य उपाय होय.

जिवाणूजन्य रोगावर ताम्रयुक्त औषधांनी केवळ प्रसार मर्यादित होतो. त्यासाठी प्रतिजैविके फवारण्याचा मोह टाळावा. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा धोका ओळखून केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या शेतीतील वापरावर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला होता.

संस्था आणि कायदा

निदानासाठी तज्ज्ञांची मदत उपलब्ध आहे. बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथे १९६७ मध्ये स्थापन झालेली भारतीय बागवानी संशोधन संस्था आणि १९६४ पासून कार्यरत असलेले कृषी विज्ञान विद्यापीठ ही त्याची प्रमुख केंद्रे होत. २००४ पासून सुरू असलेल्या किसान कॉल सेंटरवर १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर प्रादेशिक भाषांत सल्ला मिळतो. १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीत छायाचित्रावरून कीड व रोग ओळखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर केला जातो.

वनस्पतिसंरक्षक रसायनांचे नियमन कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये होते. म्हणून वेष्टनावर नमूद केलेले पीक, मात्रा आणि फवारणी व काढणी यांमधील दिवस पाळणे ही केवळ खबरदारीची बाब राहत नाही. तसेच कर्नाटक वृक्ष संरक्षण अधिनियम, १९७६ नुसार, काही जाती वगळता, खासगी आवारातील झाड तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ठिपके पडले एवढ्याच कारणावरून झाड तोडणे म्हणूनच अनावश्यक तर असतेच, शिवाय बेकायदेशीरही ठरू शकते.

नागरी भागातील हरित आच्छादनाचा विचार करताना सार्वजनिक उद्यानांची नोंद सहज होते. परसातील झाडांचे भवितव्य मात्र एकेका घराच्या निर्णयावर अवलंबून असते. तो निर्णय घेण्यापूर्वी पान हातात घेऊन, उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी नीट पाहणे ही वनस्पतिसंरक्षणाची पहिली पायरी आहे. त्यासाठी कोणताही खर्च येत नाही आणि पुढील बहुतेक अनावश्यक खर्च त्यामुळेच टळतो.