बाई, त्या माणसांना काय हवं होतं?

मैत्रिणींनो, गेल्या शिक्षकदिनाची गोष्ट. आमच्या नगरच्या एका शाळेत मी अर्धवेळ इतिहास शिकवते. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवरचं नगर काही जात नाही!) त्या दिवशी आठवीतल्या एका मुलीनं नीरजा भानोतवर भाषण केलं. आपल्यापैकी पुष्कळजणींनी २०१६ साली आलेला तिच्यावरचा चित्रपट पाहिला असेल. नीरजा मुंबईत वाढली. लग्न झालं, हुंड्यापायी जाच झाला, दोन महिन्यांत माहेरी परतली आणि रडत न बसता विमानकंपनीत नोकरीला लागली. ५ सप्टेंबर १९८६ ला पहाटे मुंबईहून निघालेलं तिचं पॅन ॲमचं विमान कराचीला उतरलं, तेव्हा सुरक्षारक्षकांच्या वेषात चार बंदूकधारी आत घुसले. नीरजानं वैमानिकांना सावध केलं, अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले. सतराएक तासांनी गोळीबार सुरू झाला, तेव्हा तिनं दार उघडून आधी लोकांना बाहेर काढलं आणि मुलांना वाचवताना स्वतः गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. सरकारनं तिला मरणोत्तर अशोकचक्र दिलं.

भाषण छान झालं. टाळ्या पडल्या. मग एका मुलानं हात वर केला, "बाई, त्या माणसांना काय हवं होतं?"

मी उत्तराची जुळवाजुळव करतेय तोवर मागून दुसरा ओरडला, "ह्याला विचारा ना बाई, ह्याचेच ते!" आणि बोट दाखवलं शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे. त्याचे वडील भिंगारला स्कूटर दुरुस्त करतात. पॅलेस्टाइन नकाशात कुठं आहे, हे त्या पोराला तरी कुठून ठाऊक असणार? वर्ग हसला. तोही हसला, पण कसा हसला ते मी पाहिलं. आणि मी काय केलं? टेबलावर डस्टर आपटलं अन् म्हटलं, "गप्प बसा. विषय संपला."

विषय कसला संपतोय! रात्री मेथी निवडताना ते पोर डोळ्यांपुढून हलेना. वाटलं, एका मुलानं खरा प्रश्न विचारला, दुसऱ्यानं खोटं उत्तर दिलं, आणि बाई म्हणवणारी मी गप्प राहिले. म्हणजे वर्गात खोटं उत्तरच राहिलं की! म्हणून मिळेल ते वाचून काढलं. जे उमगलं ते आज तुम्हांला सांगते, कारण हा प्रश्न उद्या तुमच्याही घरात जेवणाच्या पाटावर येणार आहे.

भाकरी देणारी म्हातारी

त्या चौघांना हवं होतं एवढंच की विमान सायप्रसला न्यावं आणि तिथल्या तुरुंगातले पॅलेस्टिनी साथीदार सोडवावेत. ते अबू निदालच्या टोळीतले. ही टोळी यासर अराफातांच्या संघटनेतून १९७४ मध्ये फुटलेली. इस्रायलशी बोलणी करू म्हणणाऱ्या पॅलेस्टिनी पुढाऱ्यांनाही तिनं गोळ्या घातल्या. म्हणजे सगळे पॅलेस्टिनी तिच्यामागे होते असं मुळीच नाही. पण अशी माणसं तयार होतात कुठून?

याचं थोडं उत्तर मला आमच्या घरातच मिळालं. सासूबाईंचे मामा आता ऐंशी पार केलेले. नगर हा फौजी जिल्हा. तेही तरुणपणी फौजेत होते. सुएझच्या युद्धानंतर १९५६ ते १९६७ पर्यंत संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गाझात होती, तिच्यात भारताची तुकडी होती. त्या तुकडीतून मामा गाझाला जाऊन आले. १९६०मध्ये पंडित नेहरूही तिथं आपल्या जवानांना भेटायला गेले होते. आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना ज्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, तेच नेहरू.

मामांना राजकारण सांगता येत नाही. ते एक म्हातारी सांगतात. छावणीतल्या झोपडीपुढं चुलीवर उपडा तवा टाकून त्यावर ती पातळ भाकरी भाजत होती. मामांना बोलावून तिनं अर्धी भाकरी दिली आणि हातानं दूर, सरहद्दीपलीकडं दाखवलं. दुभाष्या म्हणाला, "तिकडं तिचं घर आहे म्हणते." मामा म्हणतात, "अगं, आपण देवळाच्या कळसाकडं बोट दाखवावं इतकं जवळ."

ती घराबाहेर कशी पडली? पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाइन इंग्रजांकडं आलं. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसलेले ज्यू तिथं येत होते. आपली पूर्वजांची भूमी हीच, असं ते मानत. तिथं राहणाऱ्या अरबांना आपली जमीन जाणार असं भय वाटलं आणि १९३६ साली त्यांचं बंड पेटलं. १९३८ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या विषयावर लिहिलं. ज्यूंच्या दुःखाबद्दल त्यांना कळवळा होता. तरी अरबांच्या देशावर त्यांना लादणं अन्याय आहे, असं ते म्हणाले. पण त्याच लेखात, अरबांनी अहिंसेची वाट धरली असती तर बरं झालं असतं, असंही लिहिलं.

मग हिटलरनं साठ लाख ज्यू मारले. संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये फाळणीचा ठराव केला. भारतानं विरोधात मत दिलं. नुकतीच आपली फाळणी आपण पाहिली होती ना! १९४८ मध्ये इस्रायल जन्माला आलं, युद्ध झालं आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. पुढं अरब देशांतून लाखो ज्यूंनाही घरदार सोडावं लागलं. १९६७ च्या युद्धात जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले. छावणीत जन्मलेल्या पोरांना बाप म्हणायचा, उद्या घरी जाऊ. तो उद्या आला नाही आणि पोरांच्या हाती बंदूक आली. १९७२ मध्ये म्युनिच ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंच्या संघातले अकरा जण मारले गेले. अन्याय झाला हे खरं. पण त्या खेळाडूंनी, किंवा आपल्या नीरजानं, त्या म्हातारीचं घर घेतलं होतं का?

अठरा गाईंची गोष्ट

आता मला सर्वांत आवडलेली हकिकत सांगते. बातम्यांत ती फारशी येत नाही. डिसेंबर १९८७ मध्ये गाझात एका वाहन-अपघातात चार पॅलेस्टिनी मजूर गेले आणि सगळीकडं उठाव झाला. दगडफेक झाली, गोळीबार झाला. पण त्याबरोबर आणखीही काही चाललं होतं. सैन्यानं शाळा बंद केल्या, तेव्हा बायकांनी आपल्या घरांत वर्ग भरवले. परसात भाज्या लावल्या, विकतचा इस्रायली माल नको म्हटलं.

बेथलेहेमजवळ बैत साहूर नावाचं गाव आहे. वस्ती बहुतेक ख्रिस्ती. आपल्या नगरच्या ख्रिस्ती मैत्रिणी नाताळात ज्या बेथलेहेमची गाणी म्हणतात, तेच बेथलेहेम. या गावानं दुधासाठी अठरा गाई आणल्या. मास्तर, दुकानदार, सगळे धार काढायला शिकले. तर म्हणे, या गाईंपासून सुरक्षेला धोका! सैन्य गाईंच्या मागं लागलं आणि गावानं त्या लपवल्या. १९८९ मध्ये गावानं कर देणं बंद केलं. आपल्याकडं १९२८ मध्ये बारडोलीच्या शेतकऱ्यांनी केलं तस्सं. सैन्यानं गावाला सहाएक आठवडे वेढा घातला, घरांतले फ्रीज, टीव्ही, कारखान्यातली यंत्रं उचलून नेली. तरी गाव वाकलं नाही.

सबंध दूधधंद्यावर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला कळणार नाही? विमान पळवणारेही पॅलेस्टिनी आणि गाय लपवणारेही पॅलेस्टिनीच.

भावाच्या घरात बंदूक

त्या उठावानं जग जागं झालं. १९९३ मध्ये ओस्लो करार झाला, अराफात आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांनी हात मिळवले. पण दोन्हीकडच्या माथेफिरूंना ते पाहवलं नाही. १९९४ मध्ये एका ज्यू अतिरेक्यानं हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणारे एकोणतीस जण मारले. उठावाच्या वेळी जन्मलेल्या हमास संघटनेनं बसगाड्यांत स्फोट घडवले. १९९५ मध्ये राबिन यांना त्यांच्याच एका देशबांधवानं मारलं. पश्चिम किनाऱ्यावर ज्यू वसाहती वाढतच राहिल्या. २००० मध्ये दुसरा उठाव झाला, तो पहिल्याहून फार रक्ताळलेला.

२००६ ची निवडणूक हमासनं जिंकली. अराफातांच्या फतह पक्षाशी बिनसलं, आणि जून २००७ मध्ये गाझाच्या रस्त्यांवर पॅलेस्टिनीच पॅलेस्टिनीला मारू लागला. गाझा हमासकडं आणि पश्चिम किनारा फतहकडं असे दोन तुकडे झाले. शत्रूवर रोखायला आणलेली बंदूक अशी भावाच्या घरात शिरते, मैत्रिणींनो. त्यानंतर तिथं संसदेची निवडणूकच झालेली नाही. मी आज चौतीस वर्षांची आहे. माझ्या वयाच्या पॅलेस्टिनी बाईनं आपल्या संसदेसाठी एकदाही मत दिलेलं नाही. तिच्या नावानं कोण युद्ध करतं, हे तिला कुणी विचारलेलंच नाही.

अश्दोदची मैत्रीण

आता दुसऱ्या बाजूचं सांगते. माझं माहेर अलिबागकडचं. तिथं बेने इस्रायली घरं असत. पूर्वी ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आमच्या शेजारच्या अशाच घरातली माझी बालमैत्रीण आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिच्या घरी अजून मलिदा होतो, सासूशी ती मराठीतच बोलते. भोंगा वाजला की आसरा गाठायला तिला पंचेचाळीस सेकंद मिळतात. "गॅस बंद करू की बाळाला उचलू, एवढंच डोक्यात येतं गं," ती फोनवर म्हणाली होती.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली गेली आणि अडीचशे ओलीस धरली. त्याच्या तीनच दिवस आधी इस्रायली आणि पॅलेस्टिनी बायकांनी मिळून शांततेसाठी जेरुसलेममध्ये मोर्चा काढला होता. त्यांतल्या एक, चौऱ्याहत्तर वर्षांच्या व्हिव्हियन सिल्व्हर, हल्ल्यात बळी पडल्या. मग इस्रायलनं गाझावर युद्ध केलं. तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदींप्रमाणे दोन वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत बायकामुलं किती तरी. मार्च २०२५ मध्ये गाझातले लोकच रस्त्यावर उतरले. युद्ध थांबवा आणि हमासनंही बाजूला व्हावं, असं ते म्हणत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली. शांतता झाली असं मात्र म्हणवत नाही.

मामांची म्हातारी केव्हाच गेली असेल. तिच्या पणत्या कुठं असतील, हा विचार मनातून जात नाही.

मुलांनी विचारलं तर

मी तज्ज्ञ नाही. पण चार गोष्टी मी घरात आणि वर्गात पाळते. जेवताना मोबाइलवरची मारामारीची चित्रफीत चालू ठेवायची नाही. 'ते लोक' हा शब्द बोलायचा नाही. कोण, कधी, कुठं हे नावानिशी सांगायचं. ज्यानं गोळी झाडली त्याचा दोष त्याच्या जातभाईंना, धर्मभाईंना लावायचा नाही. तसंच, त्याच्यावर अन्याय झाला होता म्हणून गोळी माफ करायची नाही. आणि उत्तर येत नसेल तर 'गप्प बस' म्हणण्याऐवजी 'उद्या वाचून सांगते' म्हणायचं.

दोन आठवड्यांनी मी त्या वर्गावर गेले. आधी सर्वांदेखत शेवटच्या बाकावरच्या मुलाला म्हटलं, "त्या दिवशी तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं. माझं चुकलं." तो लाजून खाली बघत राहिला. जो ओरडला होता त्याला मी रागावले नाही. फळ्यावर नकाशा काढायला त्यालाच उठवलं. मग नीरजा सांगितली, मामांची म्हातारी सांगितली, बैत साहूरच्या गाई सांगितल्या. युद्ध सगळं काही त्यांना कळलं असेल असं नाही. घंटा झाली तरी कुणी उठेना.

आणि शेवटच्या बाकावरून हात वर आला. "बाई, त्या गाई सापडल्या का हो?"

"सैन्य शोधत राहिलं," मी म्हटलं, "पण गावानं दाद लागू दिली नाही."

सगळा वर्ग हसला. या वेळी तो मुलगा कसा हसला, तेही मी पाहिलं.