२० मार्चची वेशभूषा आणि सजावट : भाड्याचं काही नको, घरातलंच चालेल!



मार्च उजाडला की आमच्या महाड-पोलादपूरकडच्या शाळांतून दोन गोष्टींची धांदल एकदम सुरू होते. एक वार्षिक परीक्षेची आणि दुसरी २० मार्चच्या कार्यक्रमाची. चवदार तळ्यावर त्या दिवशी माणसांची रीघ लागते आणि शाळेत भाषणं, छोटा नाट्यप्रवेश, वेशभूषा असं काहीतरी ठरतं. मग पालकांच्या गटावर पहिला प्रश्न येतो, "सर, कोट भाड्याने कुठे मिळेल?"

काही वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी सरावाला यायची बंद झाली. तिचं भाषण वर्गात सगळ्यांत चांगलं पाठ होतं. बोलावून विचारलं तर खाली बघत म्हणाली, "सर, माझ्याकडे ड्रेस नाहीय." ड्रेसचं भाडं ३०० रुपये आणि वर तेवढीच अनामत. आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारी. हे ऐकून माझा मलाच राग आला, कारण "ड्रेस आणा" ही सूचना मीच फळ्यावर लिहिली होती. त्या दिवसापासून आमच्या वर्गापुरता नियम केला, की भाड्याचं काहीही चालणार नाही. घरात असेल त्यातूनच करायचं. तिथपासून आजवर जे जमलं आणि जे फसलं ते इथे सांगतोय.

पोशाखाच्या आधी थोडा इतिहास बघू, कारण पैसे वाचतात ते इथेच. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. आता आपण वेशभूषेत काय दाखवतो? निळा कोट, लाल टाय आणि हातात संविधान! पण संविधान स्वीकारलं गेलं १९४९ साली. म्हणजे आपलं पोरगं २२ वर्षं आधीच हातात संविधान घेऊन तळ्यावर उभं असतं. निळा रंग पुतळ्यांवरून डोक्यात बसलेला आहे. त्या काळचे फोटो काळे-पांढरे, तेव्हा कोट निळाच हवा हा हट्ट सोडा. वडिलांचा किंवा काकांचा जुना, कुठल्याही गडद रंगाचा कोट घ्या. बाह्या आत दुमडून लांब टाके घाला, कापू नका. पुस्तकाऐवजी हातात काही नकोच, ओंजळ पुरे.

चष्म्यासाठी बारीक तार औषधाच्या बाटलीभोवती गुंडाळली की सुबक गोल मिळतो. असे दोन गोल जोडून काड्या वाकवा. तारेची टोकं चिकटपट्टीने नक्की झाका, नाहीतर कानामागे ओरखडा ठरलेला. काच घालायची नाही.

खरं तर वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकानेच बाबासाहेब व्हायचं, बाकीच्यांनी परिषदेला आलेली माणसं व्हायचं. यात मला जास्त मजा वाटते आणि खर्च तर जवळजवळ शून्य. धोतर, सदरा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पलटणीतून पेन्शनवर आलेले जवानही त्या गर्दीत होते. त्यांच्यासाठी जुना कोट आणि छातीवर बिल्ले : बाटलीची बुचं चपटी करून, कडा घासून रंगीत फितीला चिकटवली की झालं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर असेच पलटणीतून निवृत्त झालेले. ते १९०० साली वारले, म्हणजे परिषदेला नव्हते, पण अस्पृश्यतेविरुद्ध लिहायला त्यांनी कितीतरी आधी सुरुवात केली होती. रावढळच्या बाजूच्या मुलाला हे काम दिलं तर तो आपसूक माहिती काढून आणतो, असा माझा अनुभव आहे.

मुंडासं बांधताना एक युक्ती. मुलाच्या डोक्यावर बांधत बसू नका, ते हलतं आणि आपण वैतागतो. स्वतःचा गुडघा वाकवा, त्यावर तीन मीटरभर जुनी ओढणी किंवा धोतराचा पट्टा पीळ देऊन गुंडाळा आणि चार-पाच ठिकाणी सुईदोऱ्याने टाका मारा. टोपीसारखं तयार मुंडासं मिळतं. पोलादपूरकडच्या मुलांना उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांचा प्रवेश करायचा असतो, त्यांनाही हेच उपयोगी पडेल.

आता मुलींची वेशभूषा. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद झाली. त्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले. तुमची जात कपड्यांवरून आणि दागिन्यांवरून ओळखू येते, तेव्हा ती खूणच टाकून द्या, लुगडं आखूड नेसू नका, गळ्यात-हातात कथलाचे नि चांदीचे जाड दागिने घालू नका, स्वच्छ राहा, असं त्यांनी सांगितलं. अनेकींनी लगोलग नेसण बदलल्याचं लिहून ठेवलेलं आहे. विचार करा, कापड तेच, बाई तीच, फक्त नेसायची तऱ्हा बदलली आणि त्यातून केवढी गोष्ट बोलली गेली! ही गोष्ट रंगमंचावर दाखवायला एक पैसा लागत नाही.

कृती अशी. आजीचं नऊवारी लहान मुलीला झेपत नाही, म्हणून जुनी सुती पाचवारी साडी घ्या आणि रुंदीत थोडी दुमडा. आत लेगिंग असू द्या, कमरेला पक्की नाडी बांधा. आधी साडी वर ओढून पोटरीपर्यंत येईल अशी आखूड खोचा. वर खोचलेला हा भाग एकाच बाजूला ठेवा, म्हणजे प्रवेशात मुलीने तो ओढून सोडला की साडी घोट्यापर्यंत उतरते. दागिन्यांसाठी पुठ्ठ्याच्या कड्या कापून त्यांना चॉकलेटची चांदी गुंडाळा. साडी सोडल्यावर मुलगी त्या एकेक काढून खाली ठेवते. संवाद नसला तरी चालतो. सराव मात्र दहा वेळा करा. पहिल्या वर्षी आमची साडी पूर्णच सुटली होती, बरं का! लेगिंग होती म्हणून निभावलं.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. मध्यंतरी एका आईने विचारलं, "सर, अस्पृश्य दाखवायचाय ना, मग तोंडाला काजळी लावू का? कपडे फाटके घालू?" विचारण्यात वाईट हेतू नव्हता. पण हे करू नका. जात चेहऱ्याच्या रंगात नसते. आणि परिषदेला आलेली माणसं सोंग नव्हती. आपल्याकडे शिमग्यात संकासूर काळे कपडे घालून, उंच टोकदार टोपी चढवून, घुंगरं वाजवत दारोदार फिरतो. तिकडे अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला मुलं भुतांचे मुखवटे लावून हॅलोविनला फिरतात. तिथे भीती आणि गंमत हवीच असते. शिमग्याला खुशाल तोंड रंगवा. २० मार्चला चेहरा धुतलेला आणि केस विंचरलेले, एवढीच रंगभूषा.

सजावटीला तळं हवंच. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. भाजीच्या क्रेटमध्ये प्लास्टिकचा कागद पसरून पाणी भरा. भोवती रिकाम्या खोक्यांत वाळू भरून पायऱ्या रचा आणि वरून वर्तमानपत्र चिकटवून गेरूने रंगवा. पाणी खरंच भरा, निळा कागद नको. १९२७ च्या मार्चमध्ये परिषदेच्या वापरासाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. गावात भरलेलं तळं असताना! त्या काळच्या ४० रुपयांत काय काय येत असेल हे मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा.

चिकटवायला खळ घरी करा. एक वाटी मैदा पाच वाट्या थंड पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. उन्हाळ्यात ती दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. पताकांना पळसाच्या फुलांचा रंग छान बसतो; या दिवसांत पळस फुललेला असतोच. फुलं उकळून गाळली की केशरी पाणी तयार. लाल हवा असेल तर हळदीच्या पाण्यात किंचित चुना टाका, पिवळा रंग डोळ्यांदेखत लाल होतो. आठवीच्या मुलांना इथेच आम्ल आणि आम्लारी शिकवून टाका, लिंबू पिळून परत पिवळा करून दाखवा. चुन्याला हात मोठ्यांनीच लावायचा.

पताका नुसत्या लावण्यापेक्षा त्यांवर साल लिहा. १९२३, सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव. १९२४, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव. १९२७, प्रत्यक्ष पाणी प्यायले ते वर्ष. १९३७, उच्च न्यायालयाचा निकाल. या चार पताका एका दोरीवर अंतर मोजून लावायच्या, एका वर्षाला एक वीत. शेवटची पताका आमच्या वर्गात मावली नाही, दाराबाहेर व्हरांड्यात गेली. मुलं लगेच विचारू लागली, "सर, ठराव झाला होता ना, मग एवढा वेळ का लागला?" त्या दिवशीचा तास याच प्रश्नावर गेला.

ती सातवीतली मुलगी त्या वर्षी आईचीच साडी नेसून आली. तिची आई मागच्या बाकावर बसली होती. कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "सर, पिना परत द्या बरं का, शेजारणीच्या आहेत."