विकास शुल्क घेतले, गाडीचे काय?

1 एप्रिल 2022 नंतर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ज्या कोणी 50 लाखांचे घर घेतले, त्याला नेहमीच्या मुद्रांक शुल्कावर आणखी एक टक्का, म्हणजे 50 हजार रुपये, भरावे लागले. मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठी हा अधिभार मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत त्या दिवसापासून आकारला जाऊ लागला. खरेदीखत नोंदविले त्या दिवशी त्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते, गाडी नव्हती. खरेदीदार बहुधा नोकरदार. तो सकाळी बसने किंवा रिक्षाने ठाणे स्टेशन गाठतो आणि तेथून पुढे लोकलच्या दारात उभा राहण्याइतकी जागा मिळाली तर स्वतःला भाग्यवान समजतो. त्याने भरलेल्या 50 हजारांच्या बदल्यात त्याला काय मिळाले, हा प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे की नाही?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कर आणि शुल्क यांत आपल्या कायद्याने भेद केलेला आहे. शिरूर मठाच्या सुप्रसिद्ध खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कर हा सार्वजनिक कामासाठी सक्तीने घेतलेला पैसा असतो आणि त्याच्या मोबदल्याची अपेक्षा धरता येत नाही. शुल्क मात्र विशिष्ट सेवेबद्दल असते. पुढच्या निकालांनी ही रेषा बरीच सैल केली, हे खरे. तथापि तिच्यामागील न्यायबुद्धी अजून शिळी झालेली नाही. अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाने कायद्यात स्पष्ट अधिकार नसताना विकास शुल्क वसूल केले, तेव्हा 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरविले. महाराष्ट्राने त्याच वर्षी आपल्या 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास शुल्काचे स्वतंत्र प्रकरण घालून घेतले. नंतरच्या दुरुस्तीने मेट्रो, सागरी सेतू यांसारख्या महत्त्वाच्या वाहतूक प्रकल्पांसाठी हे शुल्क दुपटीपर्यंत वाढविण्याची मुभाही मिळाली. अधिकाराचा प्रश्न त्यामुळे मिटला. न्यायाचा मात्र मिटला नाही.

नव्या बांधकामामुळे रस्त्यांवर आणि गाड्यांवर ताण पडतो, तेव्हा त्याचा काही भार नव्या बांधकामाने उचलावा, या विचारात गैर काही नाही. किंबहुना त्यामागचे मूळ तत्त्व आपल्याकडे जुने आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने सुधारणेमुळे जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीतील वाटा मालकाकडून घेण्याची सोय केली होती. 1966 च्या कायद्यातही नगररचना योजनेतील भूखंडधारकाकडून वाढीव किमतीच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेण्याची तरतूद आली. रस्ता झाला, रेल्वे आली की जमीनमालकाने काहीही न करता त्याची जमीन दामदुपटीने महाग होते. ही कमाई समाजाने निर्माण केलेली असते. तिचा अंश समाजाने परत मागावा, इतकाच त्याचा अर्थ.

या विचाराचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या दाराशीच झाला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली आणि मार्च 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली. जमीन घ्यायची, विकसित करून विकायची आणि त्या पैशातून शहर उभारायचे, असा हा व्यवहार होता. मानखुर्दहून खाडी ओलांडून जाणाऱ्या रेल्वेमार्गाचा 67 टक्के खर्च सिडकोने आणि 33 टक्के रेल्वेने उचलला. रेल्वेच्या तिजोरीकडे डोळे लावून बसलेल्या इतर उपनगरांच्या तुलनेत ही मोठीच गोष्ट म्हणावी लागेल. वाशी, बेलापूरची प्रशस्त स्थानके आणि त्यांवरील कचेऱ्यांच्या इमारती त्याची साक्ष देतात.

परंतु या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खाडीवरचा रस्त्याचा पूल 1973 मध्ये खुला झाला आणि वाशीला पहिली लोकल 1992 मध्ये पोहोचली. सिडकोच्या स्थापनेपासून मोजले तर 22 वर्षे! आरंभीच्या रहिवाशांनी ही वर्षे बसच्या रांगांत काढली. गाडी आल्यावर तिकिटावर अधिभार बसला तो वेगळाच. म्हणजे ज्याने भूखंडाच्या किमतीत रेल्वेचा खर्च दिला होता, त्यानेच तो पुन्हा खिडकीवर दिला.

आणि त्याच्याही आधी तो कोणी दिला? ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील 95 गावांनी. त्यांची भातशेती आणि मिठागरे सरकारने घेतली. मोबदला आणि भूखंडांचा विक्रीभाव यांतील तफावत हेच नव्या शहराचे भांडवल होते. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात शेतकरी उभे राहिले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. उरणपर्यंत लोकल पोहोचायला जानेवारी 2024 उजाडावे लागले. विकासाने आपला खर्च आपण भागविला, असे वाक्य अहवालात वाचायला बरे वाटते. त्यातील ‘आपण’ कोण, हे विचारून घ्यावे.

आजच्या शुल्कांचा दोष याच ठिकाणी आहे. बांधकाम परवानगीच्या वेळचे विकास शुल्क भरतो बिल्डर. जमीन घेण्यापूर्वी ते त्याला ठाऊक असेल तर तो जमिनीला तेवढी कमी किंमत देईल आणि बोजा खरोखरच जमीनमालकावर पडेल. जमीन घेतल्यानंतर ते वाढले तर मात्र तो ते घराच्या किमतीत घालू पाहतो. मुद्रांक शुल्कावरचा अधिभार तर थेट खरेदीदाराच्याच माथी येतो, आणि घर नवे असो की जुने, तो सुटत नाही. उलट ज्याच्या जुन्या सदनिकेची किंमत मेट्रोच्या नुसत्या घोषणेने वाढली, तो ती विकेपर्यंत काही देत नाही आणि विकताना त्याच्या वाट्याचे विकत घेणाराच देतो. शिवाय हे उत्पन्न बेभरवशाचे आहे. 2020 साली टाळेबंदीनंतर घरविक्री सावरावी म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर राज्याने मुद्रांक शुल्क 2 टक्क्यांवर आणले. बाजार मंदावला की ज्या झऱ्यावर रेल्वेचे पाणी भरायचे तोच आटतो. बाजार तेजीत असावा म्हणून मग चटईक्षेत्र वाढवीत राहण्याचा मोह होतो, आणि ज्या गर्दीसाठी शुल्क घेतले तीच गर्दी शुल्कापायी वाढते.

इतर देशांचा अनुभव पाहावा. लंडनने क्रॉसरेलसाठी एप्रिल 2012 पासून नव्या बांधकामावर दर चौरस मीटरला 20 ते 50 पौंड आकार बसविला. त्यातून 30 कोटी पौंडांची अपेक्षा होती. त्याच्या कितीतरी पट रक्कम मोठ्या व्यापारी मालमत्तांवरील अधिभारातून उभारायची होती. तो एप्रिल 2010 पासून 55 हजार पौंडांहून अधिक करमूल्याच्या मालमत्तांवर लागला. लहान दुकानदार सुटला. शहराच्या मध्यभागी ज्यांच्या कचेऱ्या उभ्या होत्या त्यांना द्यावे लागले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एल डोराडो परगण्याने एका छोट्या घराच्या परवान्यासाठी 23,420 डॉलर वाहतूक शुल्क मागितले. ते प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की असे शुल्क विधिमंडळाने ठरविले म्हणून ते तपासणीतून सुटत नाही. ते शुल्क योग्य की अयोग्य, हे मात्र खालच्या न्यायालयांकडे सोपविले.

आपल्याकडे निदान हिशेबाची तरी सुरुवात व्हावी. विकास शुल्कातील वाढ आणि एक टक्क्याचा अधिभार कोणत्या शहरात किती जमला, कोणत्या मार्गाला किती गेला, हे दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर शहरवार मांडणे अवघड नाही. नोंदणी कार्यालयांत हे आकडे असतातच. मेट्रोलगतच्या भूखंडांना जादा चटईक्षेत्र द्यायचे तर त्याचा आकार ते देतानाच जमिनीवर घ्यावा, खरेदीखताची वाट पाहू नये. मध्यवर्ती भागातील मोठ्या व्यापारी इमारतींनाही वाटा द्यावा लागेल. रोज सकाळी ठाणे, कल्याण, विरारहून येणारी माणसे त्यांच्याच टेबलांशी येऊन बसतात. आणि घोडबंदरच्या त्या खरेदीदाराला त्याच्या 50 हजारांची पावती देताना तिच्यावर मार्गाचे नाव आणि पूर्ततेचे वर्ष छापावे. छापलेले वर्ष चुकले तर पुढची वसुली थांबेल, अशी अट कायद्यात घालायला कोणत्या पक्षाची तयारी आहे, हे एकदा विधानसभेत समजू द्या.