नाक्यावरचा ‘तो’ आणि आपण

गल्लीच्या तोंडाशी कोण उभं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मग बोलत का नाही कुणी? हायवेच्या कडेला नवं घर घेतलेल्या, भाड्याने राहणाऱ्या आणि रात्री उशिराच्या लोकलने परतणाऱ्या प्रत्येकासाठी...

तो रोज दिसतो. कधी बाइकला टेकून, कधी पानटपरीच्या आडोशाला, कधी बंद पडलेल्या टेम्पोमागे. कुणीतरी रिक्षातून उतरतं, दोन मिनिटं बोलतं, हातात हात देतं आणि निघून जातं. शेकहँड जरा जास्तच वेळ चालतो, एवढंच. पहिल्या आठवड्यात तुम्हाला काही कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात शंका येते. महिन्याभरात तुम्ही त्याच्याकडे न बघता चालायला शिकता. फोन कानाला लावून, समोर बघत, झपझप.

वाचताना एखादा नाका डोळ्यांसमोर आला ना? मग हा लेख तुमच्यासाठीच आहे.

वीस वर्षांची ईएमआय, ऑफिसला जायला-यायला तीन तास आणि वीकेंडला पडदे कुठले घ्यायचे याची चर्चा. घराच्या स्वप्नात एवढंच असतं. घर घेताना आपण बिल्डरला पाण्याचं विचारतो, पार्किंगचं विचारतो, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारतो (आणि तो सांगेल त्याच्या दुप्पट धरतो). पण ‘रात्री अकरानंतर इथे कोण उभं असतं?’ हा प्रश्न कुणीच विचारत नाही. साइट व्हिजिट रविवारी सकाळी अकराला असते ना!

चिंचोटीला काय काय भेटतं?

चिंचोटीचं उदाहरण घेऊ. मुंबईकरांना हे नाव माहीत असतं ते धबधब्यामुळे. पण नकाशात बघितलं तर चिंचोटी हा आधी एक नाका आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला कामण-भिवंडीचा रस्ता इथे मिळतो. एका बाजूला तुंगारेश्वरचं जंगल, दुसऱ्या बाजूला रांगोळीसाठी प्रसिद्ध असलेलं जूचंद्र आणि त्यापलीकडे नायगाव स्टेशन. मध्ये ढाबे, पंक्चरवाले, गोदामं, भाड्याने दिलेले गाळे, जुनी गावं, आदिवासी पाडे आणि त्यांच्या डोक्यावर उगवलेले टॉवर.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. चिंचोटीला बदनाम करायचा इथे अजिबात हेतू नाही. पण महामार्गाच्या कडेने झपाट्याने वाढणाऱ्या कुठल्याही वस्तीत अशा धंद्याला लागणाऱ्या तीन गोष्टी आपोआप मिळतात. सतत बदलणारी माणसं, कुणाचं लक्ष नसलेल्या भाड्याच्या जागा आणि पटकन निसटायला चार रस्ते. गावात कोण कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. टॉवरमध्ये मात्र आपल्याला समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनावही नावाच्या पाटीवरून कळतं.

आणि या पट्ट्यातल्या बातम्या काही काल्पनिक नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात सातशे किलोच्या वर मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडलं. पोलिसांनी सांगितलेली किंमत होती सुमारे १,४०० कोटी रुपये. मुख्य आरोपी कोण? तर रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला एक मध्यमवयीन गृहस्थ. आपल्या डोक्यात ड्रग डीलरचा जो चेहरा असतो, त्यात तो कुठेच बसत नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये वसई पूर्वेला, याच महामार्गालगतच्या पेल्हारमध्ये, मुंबई पोलिसांनी एमडी बनवण्याचा कारखाना उघडकीला आणला.

म्हणून ‘ते बाहेरून आलेले लोक करतात’ हे आपलं आवडतं वाक्य जरा बाजूला ठेवू. विशिष्ट भाषेच्या, विशिष्ट रंगाच्या माणसाला घर न देऊन हा प्रश्न सुटला असता, तर एव्हाना सुटला असता.

परवा पकडला, आज परत!

सगळ्यात जास्त चीड येते ती याची. पोलीस व्हॅन येते, दोघांना उचलते, आपण गॅलरीतून बघून ‘चला, एकदाचं झालं’ म्हणतो. आणि काही दिवसांनी तोच मुलगा, तीच बाइक, तीच टपरी. आपला निष्कर्ष तयारच असतो : सगळे मिळालेले आहेत.

काही ठिकाणी तसं असेलही. पण कायदा कसा चालतो हे कळलं, की यातली बरीच कोडी सुटतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात शिक्षा ठरते ती सापडलेल्या मालाच्या वजनावर. २०१५ मध्ये एमडीचा या कायद्यात समावेश झाला. एमडीसाठी २ ग्रॅमपर्यंत ‘अल्प प्रमाण’ आणि ५० ग्रॅमच्या वर ‘व्यावसायिक प्रमाण’. गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा वर्षं. जामिनाची कुप्रसिद्ध कडक अटही मुख्यतः व्यावसायिक प्रमाणाला लागते.

आता नाक्यावरच्या त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. खिशात पन्नास पुड्या घेऊन तो उभा राहील का? एकच ठेवेल. बाकीचा माल कुठेतरी मीटरच्या पेटीत, भिंतीच्या भोकात, नाहीतर तिसऱ्याच मुलाकडे. पकडला गेला तरी तो कायद्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर असतो. आणि तो आत गेला तरी मालकाचं काय बिघडतं? उद्या दुसरा उभा करतो.

शिवाय पोलीस हवं तेव्हा कुणाच्याही घरात घुसू शकत नाहीत. मिळालेली माहिती लिहून ठेवायची, ७२ तासांत वरिष्ठांना कळवायची, सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घराची झडती घ्यायची तर त्याची कारणं नोंदवायची. अंगझडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर ती व्हावी, हा आरोपीचा हक्क त्याला सांगायचा. यातली एखादी पायरी चुकली की कोर्टात केस ढासळू शकते. म्हणूनच ‘तिकडे काहीतरी चालतं साहेब’ या तक्रारीचा फारसा उपयोग होत नाही. ‘अमुक गाळा, रात्री साडेदहा ते बारा, गाडीचा नंबर हा, तीन दिवस सलग’ अशा माहितीने मात्र खूप काही होतं.

पटत नाही? नालासोपाऱ्याच्या त्या सातशे किलोचा धागा मार्च २०२२ मध्ये गोवंडीत पकडलेल्या अडीचशे ग्रॅमपासून सुरू झाला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये काशिमिऱ्याला एका महिलेकडे १०५ ग्रॅम एमडी सापडलं. त्याचा माग काढत मीरा-भाईंदर, वसई-विरारचे पोलीस सप्टेंबरमध्ये थेट हैदराबादजवळच्या चेर्लापल्लीतल्या कारखान्यापर्यंत पोचले. नाक्यावरचा ‘तो’ बारकासा वाटतो. पण तो दोरीचं एक टोक असतो.

‘कशाला लफड्यात पडायचं?’

हे वाक्य तुम्ही ऐकलंय, मीही ऐकलंय. खरं सांगायचं तर ते भित्रेपणाचं नाही, हिशेबाचं वाक्य आहे. बायको रात्री एकटी स्टेशनवरून येते. मुलगा खाली खेळतो. फ्लॅट विकायचा झाला तर एरियाचं नाव खराब व्हायला नको. आणि आपण तर भाड्याने राहतो, अकरा महिन्यांनी निघूनच जाणार!

हा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. कारण गप्प बसण्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. आपण कॅब गेटच्या आत घेतो. पण रात्रपाळीचा वॉचमन, पानटपरीवाला, रिक्षावाले, पाड्यावरून घरकामाला येणाऱ्या मावशी, यांना त्या कोपऱ्यावरच दिवस काढायचा असतो. त्यांनी तोंड उघडलं तर उद्या नोकरी जाईल, हातगाडी उलटेल. त्यांच्या मुलांना रोज शाळेला जाताना तो ‘भाई’ दिसतो. बाइक, बूट, फोन, रुबाब. चौदा वर्षांच्या पोराला पुडी पोचवायचे शंभर रुपये कुणी दिले, तर त्याला ती नोकरीच वाटणार! आपल्याकडे शिक्षण आहे, ओळखी आहेत, कायद्याची भाषा आहे. बोलण्याचा धोका सगळ्यात कमी आपल्याला आणि गप्पही सगळ्यात जास्त आपणच.

दुसरी अडचणीची गोष्ट. हा माल घेतं कोण? एमडीची किक रात्रभर जागं ठेवते, भूक मारते, हृदयाचे ठोके वाढवते आणि मग बेचैनी, संशय, निद्रानाश मागे ठेवून जाते. ‘पार्टी ड्रग’ म्हणून ते विकलं जातं. घेणाऱ्यांत सॅलरी अकाउंट असलेले, शनिवारी फार्महाऊसवर जाणारे, ‘एकदाच ट्राय केलं यार’ म्हणणारेही असतात. आपल्या गल्लीतला नाका कुणाच्या तरी वीकेंडवर चालतो. तो वीकेंड आपल्या मित्राचा असेल, तर नाक्याला शिव्या देण्याआधी मित्राशी बोलायला हवं.

विकणारा वेगळा, अडकलेला वेगळा

सोसायटीची मीटिंग झालीच, तर दोन टोकं दिसतात. एक गट म्हणतो, ‘चार पोरं गोळा करू, ठोकून काढू.’ दुसरा म्हणतो, ‘विषय अजेंड्यावर नको.’ पहिल्यामुळे आपणच आरोपी होतो. आणि मार बहुतेक वेळा कुणाला बसतो? फ्लायओव्हरखाली झिंगून पडलेल्याला. विकणारा तोवर पसार.

महाराष्ट्राने हा धडा आधीच गिरवलाय. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, घराघरांत शिरली. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा अवचटांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झालं. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, पेशंट आहे, ही साधी गोष्ट मराठी घरांना तेव्हा कळायला लागली.

कायद्यातही ही फट ठेवलेली आहे. सेवन केल्याच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनीने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर कलम ६४ अ नुसार त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. बऱ्याच आई-वडिलांना हे माहीतच नसतं. पोलीस केस होईल या भीतीने ते मुलाला महिनोन्‌महिने खोलीत कोंडून ठेवतात आणि त्या काळात तो हाताबाहेर जातो.

मग करायचं काय?

* ग्रुपवर लिहू नका. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये दोनशे जण असतात आणि स्क्रीनशॉट पोचायला दोन सेकंद लागतात. फोटो, व्हिडीओ काढण्याची हिरोगिरीही नको.

* नोंद ठेवा. तारीख, वेळ, नेमकी जागा, गाडीचा नंबर. अंदाज आणि डोळ्यांनी बघितलेलं वेगळं लिहा. ‘दिसायला तसाच वाटतो’ ही माहिती नव्हे.

* १९३३ लक्षात ठेवा. जुलै २०२४ मध्ये केंद्राने सुरू केलेली ‘मानस’ हेल्पलाइन. इथे नाव न सांगता माहिती देता येते. समोर मारामारी किंवा जिवाला धोका असेल तर सरळ ११२.

* नाव फुटण्याची भीती? एनडीपीएस कायद्याच्या कलम ६८ नुसार माहिती कुठून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. स्थानिक पातळीवर विश्वास वाटत नसेल, तर वरच्या पातळीवर जा. या भागाला ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे.

* घर किंवा गाळा भाड्याने देताय? भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या आणि अधूनमधून जागा बघून या. जाणूनबुजून आपली जागा या धंद्याला वापरू दिली, तर मालकही आरोपी होतो (कलम २५).

* दिवे मागा. बंद पथदिवे, झाडीने झाकलेला कोपरा, बेवारस गाड्या, यासाठी महापालिकेकडे सह्यांचा अर्ज करा. यात ड्रग्जचा ‘ड’सुद्धा काढावा लागत नाही. एका नावापेक्षा साठ सह्या सुरक्षित. यामुळे धंदा पुढच्या गल्लीत सरकू शकतो, हेही खरं. म्हणून शेजारच्या सोसायटीलाही सोबत घ्या.

* घरातच कुणी अडकलं असेल, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. मनावरचा ताण, भीती, झोप उडणं यासाठी ‘टेली मानस’ १४४१६. नावं सारखी आहेत, कामं वेगळी. गोंधळ करू नका.

यातलं काहीही केलं, तरी उद्या सकाळी नाका चकाचक होणार नाही. एका फोनने कारखाना बंद पडत नाही. पण सवय मोडता येते. ड्रग्ज विकणाऱ्याची नाही, तर आपली. न बघता चालण्याची, लहान मुलांना ‘तिकडे बघू नको’ म्हणण्याची, वॉचमनकाकांच्या डोळ्यांतली भीती न दिसल्यासारखं करण्याची. धंदा अंधारापेक्षाही जास्त या सवयीवर उभा असतो.

आज रात्री घरी जाताना फोन कानाला लावू नका. वॉचमनकाकांचं नाव विचारा, टपरीवाल्याशी दोन शब्द बोला, बंद दिव्याच्या खांबाचा नंबर लिहून घ्या. एवढं तर जमेल ना?