‘मुलकी’ शब्द व वास्तव्याचा अधिकार

व्हिसा, कामाचा परवाना व कायम वास्तव्य या तीन भिन्न गोष्टी होत. एकीतून दुसरी आपोआप निष्पन्न होत नाही. नांदेड व लातूर या भागांस हा भेद अपरिचित नाही. दोन्ही पूर्वी हैदराबाद संस्थानात मोडत. तेथे ‘गैरमुलकी’ मनुष्यास विशेष मंजुरीवाचून सरकारी नोकरी मिळत नसे. म्हणजे राहण्यास अटकाव नव्हता, तरी नोकरीस होता.

‘मुलकी’ हा शब्द अरबी ‘मुल्क’पासून आला, ‘मुलूख’ही त्याच मूळचा. अन्यत्र मराठीत ‘मुलकी’ म्हणजे लष्करीहून भिन्न, महसुली. निजामी कायद्यात मात्र तो अधिवासाचा वाचक ठरला. १९१९ च्या नियमांन्वये वास्तव्याने मुलकी होण्यास किमान १५ वर्षे कायम राहणे आणि पूर्वस्थानी परतण्याचा हेतू सोडल्याचे प्रतिज्ञापत्र, या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. वर्षे मोजता येतात. हेतू शब्दांतच सांगावा लागतो.

आज अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्यास याच्या नेमके उलट, म्हणजे स्वदेशी परतण्याचा हेतू, पटवून द्यावा लागतो. तात्पुरता प्रवेश व कायम वास्तव्य यांतील खरी सीमारेषा ती हीच. अर्जदाराने आपल्या शब्दांचा अर्थ आधी निश्चित करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.