हुन्नर आहे, पण नंबर?

आपले वेल्डर, फिटर बंधू भंगारातून धावती गाडी उभी करू शकतात. मात्र गाडी चालली म्हणजे नंबर मिळाला असे नव्हे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले. पण नियमात बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या अडवतील, असेही म्हटले. बदल्यात जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दिली.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. १९८९ च्या नियमांतील नियम १२६ प्रमाणे नव्या गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशी एक संस्था, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, आपल्या अहिल्यानगरातच आहे. नोंदणी झाली तरच एमएच-१६ ची पाटी.

नंबर नाही तर विमा नाही. अपघात झाल्यास भरपाई मालकाच्या खिशातून. म्हणून गिऱ्हाइकाकडून बयाणा घेण्याआधी आरटीओत चौकशी करा. कापडाच्या धंद्यात आम्ही आधी माप घेतो, मगच कात्री लावतो. पत्र्यालाही तोच कायदा!