घरातलं जुनं यंत्र (लेखांक ६) : ट्यूनर कार्ड आणि बंद झालेलं प्रक्षेपण

जुन्या यंत्रांना नव्या संगणकावर जोडताना आतापर्यंत आपण दोनच अडथळे पाहिले : स्लॉट आणि ड्रायव्हर. टीव्ही ट्यूनरच्या बाबतीत तिसरा अडथळा असतो आणि तो सगळ्यात आधी तपासायला हवा. हवेतून येणारा सिग्नलच बदललेला असू शकतो. म्हणून ॲडॉप्टर विकत घेण्याआधी विचारा : या कार्डाला कोणता सिग्नल कळतो, आणि तो आपल्या गावात अजून मिळतो का?

मी राहतो त्या सिंगापूरच्या पाया लेबारचंच उदाहरण घेऊ. भारतातून आलेली ट्यूनर कार्डं इथे पूर्वी विनासायास चालत, कारण भारत आणि सिंगापूर दोन्हीकडे ॲनालॉग पाल पद्धतच होती. सिंगापूरने २०१३च्या अखेरीस डीव्हीबी-टी२ हे डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं आणि २०१९ उजाडताच ॲनालॉग बंद केलं. पलीकडे मलेशियाचं ॲनालॉगही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर थांबलं, त्यामुळे जोहोरकडचे सिग्नल पकडण्याचा मार्गही उरला नाही. आज ॲनालॉग कार्डाला अँटेना जोडली की पडद्यावर फक्त मुंग्या दिसतात. कार्ड बिघडलेलं नसतं.

‘डिजिटल’ असं लिहिलेलं कार्ड असलं तरी हुरळून जाऊ नका. त्यातली बहुतेक पहिल्या पिढीच्या डीव्हीबी-टी पद्धतीची आहेत. सिंगापूरच्या बसमध्ये २००१ पासून काही वर्षं चाललेला टीव्हीमोबाइल याच पद्धतीचा होता. टी२मध्ये चुका दुरुस्त करण्याचं गणितच वेगळं आहे आणि ते ट्यूनरच्या चिपमध्ये कायमचं कोरलेलं असतं, त्यामुळे कितीही नवा ड्रायव्हर टाकला तरी टी ट्यूनर टी२ होत नाही. दुकानदार ‘अपडेट केलं की चालेल’ म्हणाला तर पैसे देऊ नका. रिअलटेकच्या आरटीएल२८३२यू चिपचे स्वस्त डाँगल याच गटातले. त्यांना मात्र २०१२च्या सुमारास हौशी मंडळींनी नवं आयुष्य दिलं. ही चिप कच्चा सिग्नल थेट संगणकाकडे सोडू शकते हे कळल्यावर त्यांचे रेडिओ झाले. एफएम ऐकायला ते आजही उत्तम आहेत.

टी२ ट्यूनर घेणाऱ्यांसाठी एक दिलासा. पाया लेबारला १९५५ ते १९८१ सिंगापूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ होता, आता हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे डोक्यावरून विमानं जात असतात. विमानावरून परावर्तित झालेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळला की ॲनालॉग चित्र थरथरतं, सावल्या पडतात. टी२मध्ये दोन चिन्हांच्या मध्ये राखीव कालावधी असतो, त्यात उशिरा पोहोचलेली प्रत बरीचशी सामावून जाते.

पण जुन्या ॲनालॉग कार्डाची खरी किंमत अँटेनाच्या सॉकेटमध्ये नाही. शेजारी पिवळं कॉम्पोझिट किंवा गोल एस-व्हिडिओ सॉकेट आहे का पाहा. तिथे व्हीसीआर जोडता येतो. आपल्यापैकी कितीतरी घरांतून लग्नाच्या, मुंजीच्या, आजीआजोबांच्या आवाजाच्या व्हीएचएस कॅसेट परदेशी आल्या आणि कपाटात पडून आहेत. त्यांच्यासाठी हे कार्ड अजून कामाचं आहे.

कार्ड बसवायचं कसं? नव्या मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट बहुधा नसतोच. पीसीआय एक्स्प्रेसवर बसणारा ब्रिज ॲडॉप्टर मिळतो, त्यावर बरीच कार्डं चालतात. यूएसबी ट्यूनरला ही कटकट नाही. खरा पेच विंडोजचा आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते आणि ६४ बिट विंडोजला डिजिटल स्वाक्षरी असलेलाच ड्रायव्हर लागतो. हॉपॉग किंवा पिनॅकलच्या जुन्या सीडीवरचा ३२ बिट ड्रायव्हर तिथे चालणार नाही. माझा आग्रह लिनक्सचा आहे. ब्रूकट्रीच्या बीटी८७८ चिपसाठीचा बीटीटीव्ही ड्रायव्हर तिथे कर्नलमध्येच आहे, आणि २०२३मध्ये त्याचं जुनं बफर हाताळणारं कोड काढून तो नव्या पद्धतीत बसवला गेला. पंचवीस वर्षांच्या कार्डासाठी कुणीतरी एवढी मेहनत घेतली, याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. हॉपॉगच्या पीव्हीआर-१५०सारख्या कार्डांना मात्र वेगळी फर्मवेअर फाइल लागते. ती नसेल तर कार्ड ओळखलं जातं, पण चित्र मिळत नाही.

आता सेटिंग. भारतातल्या कॅसेट पाल, अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेल्या एनटीएससी. चुकीची पद्धत निवडली की चित्र कृष्णधवल होतं किंवा वर-खाली सरकत राहतं. पाल चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं, सेकंदाला २५ चौकटींचं. ते न दाबता साठवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी जागा खातं. एफएफव्ही१सारखं हानिरहित कोडेक वापरलं तर बरीच जागा वाचते आणि चित्राचं काही बिघडत नाही. बीटी८७८च्या बऱ्याच कार्डांत आवाज संगणकापर्यंत थेट येत नाही, म्हणून व्हीसीआरचा आवाज साउंड कार्डाच्या लाइन-इनला वेगळ्या केबलने द्या.

कोकणात काय आणि सिंगापुरात काय, दमट हवेत कॅसेटच्या कडांना बुरशी धरते. झडप उघडून उजेडात पाहा. पांढरे धागे दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागेल. आधी तिची सफाई जाणकाराकडून करून घ्या.

जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि त्यानंतर नवा व्हीसीआर बनलेला नाही. तेव्हा कार्ड भंगारात देऊ नका, आणि घरातला किंवा शेजाऱ्यांकडचा चालू व्हीसीआर हाताशी आहे तोवर महत्त्वाच्या कॅसेट आधी उतरवून घ्या.